निळी गोळी आणि जीवशास्त्राचा तास

सेवानिवृत्तीपूर्वीच्या वर्षातील गोष्ट. सोमवारचा दिवस होता. इयत्ता आठवीच्या वर्गात पहिल्या तासाला वर्गशिक्षिकांनी मुलामुलींना एकेक निळी गोळी वाटली, हजेरीच्या शेजारच्या रकान्यात खुणा केल्या आणि तास संपला. दुसरा तास माझा, म्हणजे विज्ञानाचा. मी फळ्यावर हृदयाची आकृती काढली, शुद्ध रक्तासाठी तांबडा आणि अशुद्ध रक्तासाठी निळा खडू वापरला, बाण काढले, आणि ‘आकृती स्वच्छ काढा, नावे उजव्या बाजूस द्या, हा प्रश्न हमखास येतो’ असे बजावून मीही वर्गाबाहेर पडलो. मधल्या सुटीत शाळेतील मावशी मला इमारतीच्या मागे घेऊन गेल्या. तेथील गटारात पंचवीस-तीस निळ्या गोळ्या पडलेल्या होत्या. “दर सोमवारी असंच असतं, सर,” त्या म्हणाल्या. “पावसात विरघळून जातात, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.”

ती गोळी लोहाची होती. किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्यास लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्याची केंद्र शासनाची योजना गेले दशकभर देशातील शाळांतून राबविली जात आहे. योजना चुकीची आहे, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ या वयोगटातील १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन आवश्यकतेपेक्षा कमी आढळले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण १०० मध्ये ३१ होते. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या, हृदयाची आकृती वहीत उतरवून घेणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांहून अधिक मुलींचे हृदय त्या क्षणी आवश्यकतेहून अधिक वेगाने धडधडत असण्याचा संभव होता. मी त्यांना हृदय शिकवीत होतो. त्यांचे हृदय मात्र माझ्या पाठात नव्हते.

गटारातील त्या गोळ्यांनी मला जितके अस्वस्थ केले तितके तीस वर्षांत कोणत्याही निकालपत्रकाने केले नव्हते. पहिल्या तासाला वाटलेली गोळी आणि दुसऱ्या तासाला शिकविलेला धडा यांच्यामध्ये केवळ एका घंटेचे अंतर होते. ते अंतर तोडून त्या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणाचे? गोळी वाटणाऱ्या बाई भाषा शिकवीत. त्यांच्याकडे सूचनापत्र होते, शरीरशास्त्र नव्हते. माझ्याकडे शरीरशास्त्र होते, पण गोळी माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. आणि विद्यार्थिनींच्या दृष्टीने पाहिले तर एकीकडे उपाशीपोटी घेतल्यावर मळमळ आणणारी, शौचास काळी करणारी एक संशयास्पद वस्तू होती, आणि दुसरीकडे चार कप्प्यांची एक आकृती.

दोष केवळ शिक्षकांचा नाही, तो रचनेचाही आहे. २०१६ ते २०१८ या काळात आपल्या राज्यात आलेल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांची मालिका डोळ्यांसमोर आणावी. पुस्तके देखणी होती, चित्रे चांगली होती, आणि आमच्या काळच्या रुक्ष पुस्तकांच्या तुलनेने ती पुष्कळच सरस होती, हे प्रारंभीच मान्य करतो. परंतु मानवी शरीराची वाटणी तीत कशी झाली होती? हाडे व त्वचा सहावीला, स्नायू व पचन सातवीला, श्वसन व रक्ताभिसरण आठवीला, उत्सर्जन व चेतासंस्था नववीला, आणि प्रजनन दहावीला. सस्तन प्राणी हा प्रकार दहावीच्या ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ या प्रकरणात काही ओळींपुरता, आणि त्यानंतर आणखी दोन प्रकरणे ओलांडल्यावर ‘सामाजिक आरोग्य’ नावाचे वेगळे प्रकरण. वडिलोपार्जित जमीन भावाभावांत वाटली जावी आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्याला कुंपण घालावे, तसे हे झाले आहे. एकत्र कुटुंबात जसे एकाचे दुखणे सर्वांना भोवते, तसे शरीरात असते. आजार कुंपणे मानीत नाही. जिना चढताना धाप लागणारी, वर्गात जांभया देणारी, गणितात मन न लागणारी तेरा वर्षांची मुलगी नेमक्या कोणत्या प्रकरणात बसवायची? धाप श्वसनसंस्थेची, धडधड रक्ताभिसरण संस्थेची, मरगळ चेतासंस्थेची, आणि या सर्वांचे मूळ कदाचित आतड्यातील जंतात किंवा मासिक रक्तस्रावात.

म्हणून पुढच्या तासाला मी आकृती बाजूस ठेवली आणि त्या निळ्या गोळीचाच माग काढावयाचे ठरविले. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ते पोटात गेल्यावर पुढे काय होते, एवढाच प्रश्न. जठरातील आम्लात ते विरघळते आणि लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते. पण सगळे नव्हे, त्यातील लहानसा अंशच. आतड्याची भिंत हा एक अत्यंत चोखंदळ जकात नाका आहे. लिंबाचा किंवा आवळ्याचा आंबटपणा सोबत असेल तर तो माल लवकर सोडतो, आणि चहा सोबत असेल तर अडवितो. न शोषलेले लोह पुढे जाते आणि शौचास काळसर होते. यात भिण्यासारखे काहीच नाही. पण हे एक वाक्य वर्षानुवर्षे कोणी न सांगितल्यामुळे कित्येक गोळ्या गटारात गेल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडावा?

शोषलेले लोह रक्तातून अस्थिमज्जेत पोहोचते. तेथे दर सेकंदास सुमारे वीस लक्ष तांबड्या पेशी तयार होत असतात. आकडा उच्चारताच वर्गात ‘आँ’ असा आवाज उठला. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मेल्यावर तिच्यातील लोह शरीर फेकून देत नाही. मोडकळीस आलेल्या घराचे सागवान नव्या घराला लावावे, तसे ते पुन्हा वापरते. त्यामुळे पुरुषाला दिवसाकाठी बाहेरून एखादा मिलिग्रॅम लोह मिळाले तरी भागते. मग मुलींचेच का भागत नाही? येथे हिशेब फळ्यावर मांडावा लागतो. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. दर महिन्यास ३० ते ४० मिलिलिटर रक्त गेले तर १५ ते २० मिलिग्रॅम लोह गेले. शिवाय वाढीचे वय, ताटात लोह कमी, आणि अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून शिरून आतड्यात ठाण मांडणारे व तेथून रक्त पिणारे अंकुशकृमी. जमेपेक्षा खर्च मोठा असलेल्या घराची जी गत होते, तीच या शरीराची होते. वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्या मुलींनाही हा ताळेबंद लगेच समजला. फेब्रुवारीत शाळेतून मिळणारी जंताची गोळी आणि सोमवारची निळी गोळी या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हेही त्यांनीच मला सांगितले.

आतड्याच्या याच भिंतीची आणखी एक हकिगत प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावर गेली पाहिजे. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी लक्षावधी निर्वासित बंगालमध्ये आले आणि सीमेवरील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांतील पाण्यात कालवून रुग्णांना तोंडाने पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला. पाजण्याचे काम बव्हंशी रुग्णांच्या नातलगांनीच केले. मृत्यूचे प्रमाण, जे अन्यत्र शंभरात वीस-तीसपर्यंत जात होते, ते तेथे चाराच्या खाली आले. यात चमत्कार नव्हता. साखर व मीठ एकत्र असले म्हणजे आतड्याची भिंत दोहोंना जोडीने आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जाते, ही गोष्ट शरीरक्रियाशास्त्राने १९६० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिली होती. नुसते पाणी पाजून जे साधत नाही ते चिमूटभर मीठ व मूठभर साखर यांनी साधते. आज हे मिश्रण खेड्यांतील आरोग्य उपकेंद्रातही मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आमच्या मुलांना ‘लघ्वांत्राची लांबी किती’ हे पाठ असते. त्या लघ्वांत्राच्या एका गुणधर्मावर कोट्यवधी बालकांचे प्राण वाचले, हे त्यांच्या कानी जात नाही. ती लांबीही असू द्यावी, पण तिच्या आधी हे यावे.

तिसऱ्या तासाला नाडी. यास उपकरण लागत नाही. मनगट, दोन बोटे आणि भिंतीवरचे घड्याळ पुरे. प्रत्येकाने आपली नाडी मोजली, मग जागच्या जागी वीस उड्या मारून पुन्हा मोजली. तदनंतर मी विल्यम हार्वेची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत युरोपातील वैद्य असे मानीत की, यकृत अन्नापासून सतत नवे रक्त बनविते आणि शरीर ते खाऊन टाकते. हार्वेने साधा गुणाकार केला. हृदयाच्या एका ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त सबंध शरीरातील रक्ताहून अधिक भरते. एवढे नवे रक्त बनविण्यास अन्न कोठून आणावयाचे? अर्थात तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे. १६२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने वैद्यकाची दिशा बदलली. हा तर्क करण्यासाठी त्याने हरणांपासून सापांपर्यंत अनेक प्राण्यांची हृदये पाहिली आणि माणसाच्या दंडाला पट्टी बांधून शिरा कोठे फुगतात याचे निरीक्षण केले. धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्यास दिसल्या नाहीत. त्या मालपिघी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या, १६६१ साली, हार्वेच्या मृत्यूनंतर.

आम्ही तोच गुणाकार केला. एका ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटास सुमारे पाच लिटर, तासास ३०० लिटर. दोनशे लिटरची दीड पिंपे, एका मुठीएवढ्या पंपाने, रात्रंदिवस. आणि मग प्रश्न असा की, रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल तर पंपाने काय करावे? मालगाडीचे डबे कमी झाले तर फेऱ्या वाढवाव्या लागतात. वर्गात बसल्याजागी मिनिटास शंभराच्या वर नाडी असलेल्या दोन मुली निघाल्या. त्यांना मी तेथे काही बोललो नाही. त्यांच्या पालकांस मात्र चिठ्ठी पाठविली आणि आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेण्यास सांगितले. वर्गात कोणाचे शरीर उदाहरण म्हणून उभे करू नये, ही मर्यादा शिक्षकाने कटाक्षाने पाळावयास हवी. स्वतःचे मोजमाप स्वतःच्या वहीत राहावे. नाहीतर जी मुलगी आज नाडी मोजू देते ती उद्या पोटदुखी लपविते.

येथे कोणी विचारील, माणसाचे शरीर शिकवावयाचे तर इतर सस्तन प्राण्यांचे एवढे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, आपल्या शरीराकडे पाहताना लाज, भय व सवय यांचे पडदे आड येतात. गाय, शेळी, उंदीर, वटवाघूळ यांच्याकडे पाहताना ते येत नाहीत. आणि रचना तर तीच. माणसाच्या मानेत सात मणके, जिराफाच्या लांब मानेतही सातच, उंदराच्या नसल्यासारख्या मानेतही सात. छाती व पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा सर्वांस आहे. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसणे ही सस्तनांची खूण. पक्ष्याच्या वा बेडकाच्या तांबड्या पेशीत ते असते. हत्तीचे हृदय मिनिटास तीसच्या आसपास ठोके देते, घरातल्या पिटुकल्या उंदराचे पाचशेच्या वर. लहान देह झपाट्याने उष्णता गमावतो म्हणून त्याची भट्टी सतत पेटती ठेवावी लागते, हे एकदा कळले की नुकत्या जन्मलेल्या, वजनाने कमी असलेल्या बालकाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून का धरावयाचे, हे सांगावे लागत नाही.

विच्छेदनाचा प्रश्न मात्र येथे येतोच. आमच्या पिढीने महाविद्यालयात बेडूक व उंदीर फाडले. त्यातून आम्ही किती शिकलो, याविषयी मला आता प्रामाणिकपणे शंका आहे. बहुतेकांना लक्षात राहिला तो फॉर्मलिनचा वास. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विच्छेदनास मनाई केली, त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर प्रत्यक्ष अवयव पाहणेच संपले, हे बरे झाले नाही. खाटकाच्या दुकानात बोकडाचे हृदय रोज विकले जाते. त्यासाठी कोणा प्राण्यास वेगळे मारावे लागत नाही. ते उभे चिरून पाहिले की डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा किती जाड आहे हे बोटास कळते आणि ‘का?’ हा प्रश्न आपोआप येतो. उजव्या कप्प्यास शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलावयाचे, डाव्यास पायाच्या बोटापर्यंत. झडपांना बांधणारे पांढरे दोरे पाहून एक मुलगा म्हणाला, “सर, हे तर छत्रीच्या काड्यांसारखं.” उपमा तंतोतंत नसेल, पण पुस्तकातल्या आकृतीने ती त्याला सुचली नसती. वर्गात शाकाहारी कुटुंबांतील मुले होती. त्यांना पाहण्याची सक्ती नव्हती, आणि जे पाहत होते त्यांनीही कोणाची थट्टा केली नाही. हे सारे आम्ही शाळेच्या मागच्या ओट्यावर केले व नंतर साबणाने हात धुतले, हे सांगितले पाहिजे, कारण या प्रयोगानंतर माझ्याकडे जी एकमेव तक्रार आली ती माशांसंबंधी होती.

ग्रामीण शाळेतील मुलांकडे तर शिक्षकांहून मोठे ज्ञानभांडार असते, आणि आपण त्यास ज्ञान मानीत नाही. एकदा मी ‘सस्तन प्राण्यांची लक्षणे’ सांगत असता मागच्या बाकावरील एक मुलगा, ज्याला प्रगतिपुस्तकात नेहमी ‘साधारण’ शेरा मिळे, सहज बोलून गेला की, त्याच्या घरची गाय परवा व्याली आणि वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजला नाही तर ते ‘टिकत नाही’. मी धडा थांबविला. त्याला पुढे बोलाविले. वर्गातील प्रत्येकाने खरवस खाल्ला होता. चीक म्हणजे काय हे फारच थोड्यांना ठाऊक होते.

चिकाचे शास्त्र मोठे मनोरम आहे. गाईच्या वारेची रचना अशी की, पोटातील वासरास आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ मिळतच नाहीत. वासरू जन्मते ते निःशस्त्र. ती सर्व शस्त्रे आईने चिकात साठविलेली असतात, आणि वासराचे आतडे जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते. दिवसभरात ते दार मिटते. म्हणून शेतकऱ्याची घाई योग्यच आहे. खरवसाच्या वड्या थापताना वासराचा वाटा आधी काढावा, तो केवळ दयेपोटी नव्हे. माणसात व्यवस्था थोडी निराळी आहे. मानवी वारेतून आईची काही प्रतिकारक द्रव्ये बाळास जन्मापूर्वीच मिळतात. पण आईच्या चिकात दुसऱ्या प्रकारची असतात, ती बाळाच्या आतड्यास आतून अस्तर लावल्यासारखी राखण करतात. आता हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, तोही त्याच मुलाचा: “मग आमच्या वहिनीचा चीक का काढून टाकला?”

वर्गात शांतता पसरली. मुलाने जे विचारले ते असंख्य घरांत घडते. आईचे पहिले, पिवळसर, घट्ट दूध ‘जड’ समजून पिळून टाकावयाचे आणि बाळास मध किंवा साखरपाणी चाटवावयाचे. गोठ्यात जे शास्त्र आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो ते माजघरात विसरलो. मघाशी उल्लेखिलेल्या त्याच राष्ट्रीय पाहणीत लहान बालकांपैकी १०० मधील सुमारे ४२ जणांनाच जन्मल्यापासून तासाभराच्या आत आईचे दूध मिळाल्याचे आढळले. त्या दिवशी सस्तन प्राण्यांच्या लक्षणांपैकी ‘पिलांना दूध पाजतात’ हे एकच लक्षण शिकवून झाले. उरलेली राहिली. मला त्याचा खेद नाही.

आता ज्या प्रकरणापाशी येऊन बहुतेक शिक्षक खाकरतात त्याकडे वळतो. प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचून घ्या’ असे सांगून उलटून टाकण्याची रूढी आपल्याकडे फार जुनी आहे. २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत सर्व रंगांचे राजकारणी एकत्र आले होते. अशी एकी दुष्काळनिवारणातही क्वचितच दिसते. ज्या प्रांतात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, खटले व हेटाळणी सोसून, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, तेथे हे घडावे! दहावीच्या पुस्तकात ऋतुचक्राचा पाठ पुढे आला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु दहावी म्हणजे पंधरावे-सोळावे वर्ष. मुलींना पाळी येते ती बारा-तेराव्या वर्षी. ज्या अनुभवाने मुलगी दचकते, शाळा बुडविते, कधी कायमची सोडते, त्याचा अर्थ तिला तीन वर्षे उशिरा, तोही चार गुणांसाठी सांगावयाचा, हा क्रम कोणत्या शिक्षणशास्त्रात बसतो?

लोहाच्या ताळेबंदामुळे माझे हे काम सोपे झाले, हे कबूल केले पाहिजे. ‘दर महिन्याचा खर्च’ हा शब्द एकदा फळ्यावर आल्यानंतर त्या विषयास हिशेबाची प्रतिष्ठा मिळाली. मुले हसली नाहीत. मुलींना वेगळे बसवून हा भाग शिकवावा, अशी सूचना शिक्षकांच्या खोलीत आली होती. ती मी मानली नाही. उद्या हेच मुलगे बाप, भाऊ व कारकून होणार. घरात ‘तिला बाजूला बसू दे’ म्हणणारे किंवा न म्हणणारे तेच असणार. मात्र त्यानंतर एक तास भाषेच्या बाईंनी मुलींबरोबर स्वतंत्रपणे घेतला, कारण काही प्रश्न माझ्यासमोर विचारले जाणार नाहीत हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते.

हे सर्व ऐकून माझे व्यवसायबंधू म्हणतील, सांगावयास ठीक आहे, पण वेळ कोठे आहे? हा आक्षेप खोटा नाही. निवडणुकीचे काम, नाना प्रकारची सर्वेक्षणे, माहिती भरून पाठविण्याचे रोजचे फर्मान, आणि त्यातून उरलेल्या तासांत साठ-सत्तर मुलांचा वर्ग. प्रश्नपत्रिका आकृती व व्याख्या मागते, शिकवणी वर्ग त्याच देतात, आणि पालक त्याचेच पैसे मोजतात. शिक्षकाने वाहत्या प्रवाहाविरुद्ध पोहावे अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी थोडे पाण्यात उतरून पाहावे. पण वेळेचा प्रश्न मी माझ्यापुरता मोजून पाहिला आहे. गोळीचा माग, नाडी, हृदय व चीक मिळून सात तास लागले. याच भागास वार्षिक नियोजनात मी नऊ तास दिले होते.

खरी अडचण परीक्षेची आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत एक विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. मुले प्रयोग करून शिकत आणि परीक्षेस पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा असे. कारण प्रश्नच असे विचारले जात की त्यांचे तयार उत्तर पुस्तकात नसे. तो प्रयोग पुढे शेकडो शाळांत पसरला, तीस वर्षे चालला, आणि २००२ साली शासनानेच तो बंद केला. त्यातील सर्वच यशस्वी होते असे मी म्हणत नाही. पण आपल्या मंडळाने शालान्त परीक्षेत एक प्रश्न, एकच, असा घालून पाहावा: ‘तेरा वर्षांच्या मुलीस जिना चढताना धाप लागते. कारणे काय असू शकतील आणि तिने दुपारच्या जेवणात काय बदल करावा?’ पुढच्या जूनमध्ये महाराष्ट्रातील प्रत्येक शिकवणी वर्ग हिमोग्लोबिन शिकवू लागेल. परीक्षेच्या भीतीचा असा सदुपयोग करून घेण्यास माझी तरी हरकत नाही.

गोळ्यांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. मळमळ का होते याचे उत्तर पचनसंस्थेच्या धड्यात होते आणि ते वर्गानेच शोधले: गोळी पहिल्या तासाला, उपाशीपोटी वाटली जात होती. अनेक मुली घरून नुसता चहा घेऊन येत, म्हणजे लोहाच्या वाटेत आधीच अडसर. मुलांनी मुख्याध्यापकांस अर्ज लिहिला की, गोळी मधल्या सुटीत खिचडी खाल्ल्यावर द्यावी. मुख्याध्यापक म्हणाले, सूचनापत्रात तसेच लिहिलेले असेल, बघतो. तसेच लिहिलेले निघाले. सोयीसाठी ती पहिल्या तासाला वाटण्याचा पायंडा आम्हीच पाडला होता.

पुढल्या सोमवारी सुटी संपल्यावर मावशी पुन्हा मला मागच्या बाजूस घेऊन गेल्या. गटारात सहा गोळ्या होत्या. त्यांपैकी दोन आठवीच्या नव्हत्या, असे मावशींचे ठाम मत होते. नववीचा वर्ग त्याच खिडकीवर आहे. मी नववीच्या वर्गशिक्षकांना गाठले तेव्हा ते फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढीत होते.